सातबारा आहे, पण जमीन कुठे आहे? एनएफटीची पारख कशी करायची

मे महिन्यातली दुपार. सावंतवाडीत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेलो होतो. कुडाळातल्या माझ्या वर्गात तो कॉम्प्युटर शिकला, पण जीव रमला गंजिफा, म्हणजे जुन्या खेळाचे गोल पत्ते, हाताने रंगवण्यात. खिडकीखाली पाटावर मत्स्य अवताराची बारा गोल पानं वाळत ठेवली होती. राजा, प्रधान, मग एक ते दहा. राजाच्या पानाची किनार अजून ओली होती आणि तिला हात लागू नये म्हणून तो मला लांब बसायला सांगत होता.

मग त्याने फोन पुढे केला. मुंबईच्या कुणीतरी व्हॉट्सॲपवर चौतीस पानांची पीडीएफ पाठवली होती. तुमच्या गंजिफांचं दहा हजार एनएफटींचं कलेक्शन काढू, जगभरातून कम्युनिटी उभी राहील, दहा टक्के तुम्हाला, सहीसाठी आठवडा.

"सर, दहा हजार चित्रां खंयसून हाडू?" तो म्हणाला. "एक जोड पुरो करूक माका म्हयने लागतत."

त्याच रात्री डोंबिवलीच्या भाच्याशी बोलणं झालं. त्याने २०२२ च्या जानेवारीत चाळीस हजार घालून एक एनएफटी घेतलं होतं. व्हिडिओ कॉलवर त्याने ते उघडून दाखवलं. करडा चौकोन, खाली क्रमांक, आणि चित्राच्या जागी काहीच नाही. "मामा, मालक मीच आहे अजून," तो म्हणाला. खरंच होता.

२०२१ मध्ये याच शब्दाने जग वेडं झालं होतं. कॉलिन्स शब्दकोशाने 'एनएफटी' हा वर्षाचा शब्द ठरवला. मार्चमध्ये ख्रिस्टीजच्या लिलावात बीपल या चित्रकाराची एक डिजिटल कलाकृती ६ कोटी ९३ लाख डॉलरला गेली, आणि घेणारा होता मूळचा तामिळनाडूचा विघ्नेश सुंदरेसन. दोन वर्षांनी, सप्टेंबर २०२३ मध्ये, डॅपगॅम्बल या संकेतस्थळाने ७३,२५७ कलेक्शन तपासली, तेव्हा ६९,७९५ कलेक्शनची बाजारातली किंमत शून्य निघाली. २०२५ मध्ये तर क्रॅकन, बायबिटसारख्या क्रिप्टो कंपन्यांनी आपले एनएफटी बाजारच बंद केले.

मग ते सगळं थोतांड होतं का? मला तसं वाटत नाही. काही मोजकी कलेक्शन आणि त्यांच्याभोवतीची माणसं टिकली आहेत. ती का टिकली हे कळलं, तर माझ्या विद्यार्थ्याला काय सांगायचं तेही कळतं.

एनएफटी म्हणजे नेमकं काय

कोकणातल्या माणसाला सातबारा समजावून सांगावा लागत नाही. घराघरांत त्यावरून भाऊबंदकी झाली आहे. सातबारा म्हणजे जमीन नाही, हे आपण जाणतो. ती जमिनीची नोंद. उतारा खिशात घालून मुंबईला गेलात म्हणून माडाची बाग बरोबर येत नाही.

एनएफटी, म्हणजे नॉन-फंजिबल टोकन, ही अशीच एक नोंद आहे. फरक एवढाच की ही वही तलाठ्याच्या कपाटात नसते. जगभरातल्या हजारो कॉम्प्युटरवर तिच्या सारख्या प्रती असतात, त्यामुळे एकट्याने कुणाला खाडाखोड करता येत नाही. या वहीला ब्लॉकचेन म्हणतात आणि वहीतल्या एका नोंदीला टोकन. तुमची शंभराची नोट आणि माझी शंभराची नोट यांची अदलाबदल केली तर कुणाचं काही बिघडत नाही. टोकन क्रमांक ५७ आणि टोकन क्रमांक ५८ यांचं मात्र तसं नाही, जसे दोन वेगळे सर्व्हे नंबर. विक्री झाली की फेरफार आपोआप नोंदला जातो. ज्या ॲपमध्ये ही टोकनं सांभाळायची किल्ली असते त्याला वॉलेट म्हणतात. किल्ली हरवली तर दुसरी काढून देणारं कुठलंही कार्यालय नाही.

"पण चित्राचा स्क्रीनशॉट तर कुणीही काढेल," असं लोक म्हणतात. काढू दे. सातबाऱ्याची झेरॉक्स काढून कुणी मालक होत नाही. मला काळजी वाटते ती उलट बाजूची. बहुतेक टोकनांत चित्र नसतंच, चित्र कुठे आहे त्याचा फक्त पत्ता असतो. आणि चित्राचा कॉपीराइट तर त्याहून वेगळा. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो हक्क द्यायचा तर लेखी, सही करून द्यावा लागतो. टोकन विकत घेतलं म्हणून ते चित्र टी-शर्टवर छापायचा हक्क मिळत नाही, कलेक्शन काढणाऱ्याने तशी परवानगी स्पष्ट दिली असेल तरच मिळतो. बोअर्ड एप यॉट क्लब या माकडांच्या चित्रांच्या कलेक्शनने ती मालकांना दिली, म्हणून ती माकडं हॉटेलांच्या पाट्यांवरही दिसली.

तेव्हा पहिला प्रश्न जमीन बघायला जाणाऱ्या माणसाचाच. उतारा ठीक आहे, पण जागेवर काय आहे?

चित्र ठेवलंय कुठे

राजापूरच्या बाजूला सड्यावर फिरलात तर पायाखाली कातळशिल्पं लागतात. बारसूला आहेत, कशेळीला भलामोठा हत्ती आहे. जांभ्यात खोदलेली ही चित्रं हजारो वर्षं उन्हापावसात पडून आहेत. कोणी त्यांचं भाडं भरलं नाही, कोणी राखण ठेवली नाही, मध्ये कित्येक पिढ्या त्यांच्याकडे कुणी पाहिलंही नाही. तरी ती आहेत. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली. आता याच्या शेजारी खळ्यातली रांगोळी ठेवून बघा. रोज सकाळी कुणीतरी उठून काढली तरच ती दिसणार.

एनएफटीची चित्रंही अशीच असतात, काही कातळावरची, काही खळ्यातली.

कातळावरची म्हणजे चित्र किंवा ते काढणारा प्रोग्राम त्या वहीतच कोरलेला. २०१९ चं ऑटोग्लिफ्स हे कलेक्शन असं आहे. आर्ट ब्लॉक्स या संकेतस्थळावरच्या कलाकृतींचा मूळ कोड ब्लॉकचेनवर आहे, तो पुन्हा चालवला की चित्र पुन्हा उभं राहतं. सगळ्यांत प्रसिद्ध म्हणजे क्रिप्टोपंक्स, चेहऱ्यांच्या चित्रांचं कलेक्शन. ते २०१७ मध्ये आले तेव्हा चित्रं बाहेर होती आणि वहीत फक्त त्यांच्या ठशाची, म्हणजे चित्रावरून गणिताने काढलेल्या ओळखक्रमांकाची, नोंद होती. करणाऱ्यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये, म्हणजे चार वर्षांनी, सगळी चित्रं ब्लॉकचेनवर आणून ठेवली. कोणी सक्ती केली नव्हती. ही एक गोष्ट मला त्या कलेक्शनच्या सगळ्या विक्रमी भावांपेक्षा महत्त्वाची वाटते.

मधला प्रकार आयपीएफएसचा, म्हणजे अनेक कॉम्प्युटरवर मिळून फाइली ठेवायच्या पद्धतीचा. यात चित्राचा पत्ता चित्राच्याच ठशावरून तयार होतो, त्यामुळे गुपचूप दुसरं चित्र बसवता येत नाही. पण निदान एका कॉम्प्युटरने तरी ती प्रत सांभाळली पाहिजे. सांभाळणाऱ्याने सोडून दिलं की पत्ता शाबूत आणि घर रिकामं.

आणि खळ्यातली रांगोळी म्हणजे एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर ठेवलेलं चित्र. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स हा क्रिप्टो बाजार बुडाला, तेव्हा त्याच्याकडे ठेवलेल्या एनएफटींची चित्रं दिसेनाशी झाली. बरं, असं फक्त बुडणाऱ्यांच्या बाबतीत होतं असं समजू नका. नायकीने डिसेंबर २०२१ मध्ये आरटीएफकेटी ही कंपनी घेतली. तिचं क्लोनएक्स हे एके काळचं अतिशय महागडं कलेक्शन. डिसेंबर २०२४ मध्ये ती कंपनी गुंडाळायचं जाहीर झालं आणि एप्रिल २०२५ मध्ये एके दिवशी हजारो मालकांना चित्राऐवजी सेवा अटींचा भंग झाल्याचा निरोप दिसू लागला. चित्रं नंतर परत आली. पण लाखो रुपयांची 'कायमची' मालकी एका होस्टिंग खात्यावर टांगलेली होती हे त्या दिवशी सगळ्यांना दिसलं.

सिग्नल या मेसेजिंग ॲपचे संस्थापक मॉक्सी मार्लिनस्पाइक यांनी हेच करून दाखवलं होतं. त्यांनी एक एनएफटी बनवलं. एका बाजाराच्या संकेतस्थळावर ते एक चित्र दाखवी, दुसऱ्यावर दुसरंच, आणि विकत घेऊन वॉलेटमध्ये उघडलं की शेणाचा गोळा. नोंद एकच. सर्व्हर त्यांच्या हातात होता, त्यामुळे कोण बघतंय त्याप्रमाणे ते चित्र बदलत होते.

भाच्याचं टोकन त्या रात्रीच आम्ही तपासलं. इथरस्कॅन या संकेतस्थळावर कलेक्शनचा क्रमांक टाकला की 'टोकन यूआरआय' नावाची ओळ शोधता येते. ती 'आयपीएफएस'पासून सुरू होते की कुठल्यातरी कंपनीच्या पत्त्यापासून, एवढं बघायला दोन मिनिटं लागतात. त्याच्या टोकनात कंपनीचा पत्ता होता आणि त्या कंपनीने संकेतस्थळाचं नाव पुढे चालवायला पैसेच भरले नव्हते. चाळीस हजारांच्या आधी ही दोन मिनिटं कुणी त्याला दिली नाहीत, मीही नाही, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

"दहाच हजार आहेत, मग दुर्मीळ नाहीत का?"

दुर्मीळ हा शब्द इथे फार स्वस्तात वापरला जातो. दहा हजार चित्रं बहुधा कुणी हाताने काढत नाही. दहा पार्श्वभूमी, दहा कपडे, दहा डोळे आणि दहा टोप्या काढायच्या, प्रोग्रामने त्यांच्या जोड्या लावायच्या. दहा गुणिले दहा गुणिले दहा गुणिले दहा, झाले दहा हजार. चाळीस तुकड्यांचं काम. म्हणून त्या पीडीएफवाल्यांना माझ्या विद्यार्थ्याचं एक वर्ष नको होतं, फक्त एक जोड स्कॅन करून हवा होता.

मुद्दाम कमी ठेवलेली संख्या म्हणजे किंमत, हे आंब्याच्या बागायतदाराला कोणी पटवून दाखवावं. देवगडच्या आंबा उत्पादकांच्या संस्थेने २०२५ पासून फळावर वेगवेगळ्या क्रमांकाचं स्टिकर लावायला घेतलं, कारण कर्नाटकचा आंबा देवगड म्हणून खपत होता. स्टिकर हवंच. ते नसेल तर खऱ्या बागायतदाराचं मरण आहे. पण स्टिकर लावल्याने आंबा गोड होत नाही. ब्लॉकचेन हे अस्सलपणाचं स्टिकर आहे. ते ज्यावर लावलंय ते फळ कुठलं, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

आणि आणखी फळं कधीही येऊ शकतात. जून २०२३ मध्ये अझुकी या गाजलेल्या कलेक्शनने 'एलिमेंटल्स' नावाची नवीन वीस हजार टोकनं काढली. पंधरा मिनिटांत ३ कोटी ८० लाख डॉलर जमा झाले. उघडून बघतात तर चित्रं जुन्यांसारखीच. जुने मालक भडकले आणि जुन्या कलेक्शनचाही भाव कोसळला. तेव्हा एका कलेक्शनमधली संख्या बघून भागत नाही. काढणाऱ्यांची पुढे किती काढायची सवय आहे तेही बघावं.

दशावतारी गंजिफाच्या एका जोडात १२० पानं असतात, दहा अवतार आणि प्रत्येकाची बारा. ही संख्या भाव चढवायला ठरवलेली नाही, खेळाला लागते म्हणून आहे. चांगल्या कलेक्शनमध्येही संख्येला असं काही कारण सापडतं.

हर्णैचा लिलाव आणि पडद्यावरचा भाव

एनएफटीच्या जगात 'फ्लोअर प्राइस' हा शब्द सतत कानावर येतो. कलेक्शनमधलं सर्वांत स्वस्त टोकन ज्या किमतीला विकायला ठेवलंय ती किंमत. ध्यानात घ्या, विकायला ठेवलंय, विकलं गेलेलं नाही. गावात एका गुंठ्याला मुंबईच्या पार्टीने पाच लाख दिले की अख्खी वाडी मनातल्या मनात गुंठे मोजू लागते. दुसरा गुंठा विकायला काढला की कळतं, घेणारा एकच होता.

हर्णै बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव बघितला असेल. वाळूत पाट्या मांडलेल्या, भोवती कोंडाळं, बोली चढत जाते. समजा, पाटीवाल्याने आपलाच भाऊ गर्दीत उभा केला. भाऊ हजार म्हणाला, पाटी त्याने 'घेतली', मागच्या बाजूने परत आणली, आता दीड हजार. बघणाऱ्याला वाटेल सुरमईचा भाव तेजीत आहे. बंदरावर हे दोन दिवस चालणार नाही, कारण तिथे सगळे एकमेकांना ओळखतात आणि मासळी नासते. एनएफटीच्या बाजारात वॉलेटला तोंड नसतं आणि टोकन नासत नाही, म्हणून ही फिरवाफिरवी वर्षानुवर्षं चालली. त्याला वॉश ट्रेडिंग म्हणतात. २०२२ मध्ये काही नव्या बाजारांनी उलाढालीवर बक्षिसं ठेवली आणि ती अशीच फुगली.

यावर उपाय त्याच वहीत आहे, कारण ती सर्वांना उघडी असते. दहा हजार टोकनांचे वेगवेगळे मालक किती? पाच हजार असतील तर एक गोष्ट, तीनशे असतील तर अगदी वेगळी. गेल्या महिन्यातल्या विक्री त्याच चार वॉलेटमध्ये घुटमळतायत का? सर्वाधिक टोकनं असलेल्या दहा वॉलेटांकडे मिळून किती आहेत? मी 'भाव किती' हे सर्वांत शेवटी बघतो.

मोठ्या माणसाने घेतलं हाही पुरावा धरू नये. ट्विटरचे सहसंस्थापक जॅक डॉर्सी यांचं पहिलं ट्वीट एनएफटी म्हणून मार्च २०२१ मध्ये २९ लाख डॉलरला विकलं गेलं. वर्षभराने मालकाने ते ४ कोटी ८० लाख डॉलरच्या अपेक्षेने लिलावाला काढलं, तेव्हा आलेली सर्वांत मोठी बोली सुमारे २८० डॉलरची होती. ट्वीट ऐतिहासिक होतं, यात वाद नाही. पण त्याच्याभोवती माणसं नव्हती.

शिमग्याला कोण येतं

हे सगळं तपासून झालं की खरा प्रश्न माणसांचा उरतो, आणि तो मला सर्वांत अवघड वाटतो. 'कम्युनिटी' हा शब्द त्या पीडीएफमध्ये मी मोजला, एकोणीस वेळा होता.

आपल्याकडे गावकी असते. शिमग्याला पालखी निघते तेव्हा मुंबई-ठाण्याचे चाकरमानी रात्रभर एसटीत उभे राहून येतात. त्या वर्षी काजूला भाव मिळाला म्हणून येत नाहीत, पडला म्हणून राहत नाहीत. पालखी खांद्यावर घ्यायचा मान कुणाचा, ढोल कुणाचे, नारळ कुणी वाढवायचा, हे ठरलेलं असतं. त्यावरून भांडणंही होतात आणि ती मिटतातही. आता याच गावाच्या वेशीबाहेर एखादी प्लॉटची स्कीम आठवा. रंगीत कमान, उद्घाटनाला मांडव, चारशे बुकिंग. तिथेही माणसं होती. पण ती एकमेकांकडे आली नव्हती, पुढच्या गिऱ्हाइकाची वाट बघत आली होती. आज कमानीवर वेली चढल्या आहेत.

एनएफटीच्या बहुतेक 'कम्युनिटी' त्या मांडवासारख्या होत्या. डिस्कॉर्डवर पन्नास हजार जण, कारण आत आल्याशिवाय आणि रोज हजेरी लावल्याशिवाय स्वस्तात टोकन मिळणार नव्हतं. हजेरी बंद, गर्दी बंद. डिस्कॉर्ड ही गप्पांची खोली आहे असं समजा. तिथे कुठलंही कलेक्शन पारखायचं तर मी आठवडाभर गप्प बसून वाचतो. बोलणं फक्त भावाचं आहे का? कुणी अडचणीचा प्रश्न विचारला तर त्याला उत्तर देतात की बाहेर काढतात? मालकांनी स्वतःहून काही केलंय का, एखादं पुस्तक, एखादं प्रदर्शन, एखादी मदत, जे करणाऱ्या कंपनीने सांगितलेलं नव्हतं? आणि भाव पडलेल्या महिन्यात, जुने निरोप वर सरकवून वाचले तर, कोण बोलत होतं?

पजी पेंग्विन्सची गोष्ट यासाठी मला आवडते. जुलै २०२१ मध्ये ८,८८८ गुबगुबीत पेंग्विन आले, गाजले, आणि मग संस्थापकांनी दिलेली वचनं पाळली नाहीत म्हणून जानेवारी २०२२ मध्ये मालकांनीच त्यांच्याविरुद्ध उठाव केला. इतर ठिकाणी लोक अशा वेळी विकून मोकळे होतात. इथे बरेच थांबले. एप्रिल २०२२ मध्ये लुका नेट्झ यांनी ७५० इथरला प्रकल्प विकत घेतला. इथर हे इथेरियम या ब्लॉकचेनचं चलन. पुढे त्यांनी पेंग्विनांची खेळणी काढली, सप्टेंबर २०२३ मध्ये ती अमेरिकेत वॉलमार्टच्या दुकानांत आली, आणि ज्यांच्या पेंग्विनांवरून खेळणी झाली त्या मालकांना त्यात वाटा ठेवला. म्हणजे पैसा बाहेरून येऊ लागला, ज्या पोराला एनएफटी म्हणजे काय हे ठाऊकही नाही त्याच्या आईच्या पाकिटातून.

हा मुद्दा कळीचा आहे. बहुतेक कलेक्शनना पैसा दोनच वाटांनी येई. पहिल्या विक्रीतून, आणि नंतरच्या प्रत्येक पुनर्विक्रीतल्या टक्केवारीतून, जिला रॉयल्टी म्हणतात. ऑगस्ट २०२३ मध्ये ओपनसी या मोठ्या बाजाराने रॉयल्टीची सक्ती सोडून द्यायचं जाहीर केलं. ज्यांचं घर त्यावर चालत होतं त्यांची चूल विझली. तेव्हा विचारावं, उद्या एकही टोकन विकलं गेलं नाही तर ही मंडळी पगार कशातून देणार? उत्तर 'पुढचं कलेक्शन' असं असेल तर ती साखळी आहे, आणि साखळीची शेवटची कडी बहुधा आपणच असतो.

काढणारा कोण, हे तर विचारायलाच हवं. इव्हॉल्व्हड एप्स या कलेक्शनचा टोपणनावाचा निर्माता २०२१ मध्ये ७९८ इथर घेऊन गायब झाला. फ्रॉस्टीज हे कलेक्शन जानेवारी २०२२ मध्ये विकून संपलं आणि काही तासांत संकेतस्थळ बंद. सुमारे ११ लाख डॉलर गेले. मार्चमध्ये अमेरिकेत दोन तरुणांना अटक झाली, दोघेही वीस वर्षांचे, आणि तोवर त्यांची पुढच्या कलेक्शनची तयारी चालू होती. टोपणनाव वाईटच असं मी म्हणणार नाही, टोपणनावाने प्रामाणिक काम करणारेही आहेत. पण मग त्यांच्या कामाची जुनी पावलं दिसली पाहिजेत.

"पंक्सही सुरुवातीला फुकटच होते ना?"

हा आक्षेप मला तरुण मुलांकडून नेहमी येतो आणि तो खोटा नाही. क्रिप्टोपंक्सच्या दहा हजारांतले नऊ हजार २०१७ मध्ये ज्याला हवे त्याला फुकट दिले होते. चोवीस बाय चोवीस ठिपक्यांची ती चेहऱ्यांची चित्रं. तेव्हा कुणी माझ्या या कसोट्या लावल्या असत्या तर ती नापास झाली असती, चित्रंही बाहेर होती. मान्य. पहिलेपणाला स्वतःची एक किंमत असते आणि ती आधी ओळखता येत नाही. पण पहिला एकदाच होतो. त्यांच्या नंतर हजारोंनी तसेच चेहरे काढले, त्यांची नावं आज कुणाला आठवत नाहीत. लॉटरी लागलेल्याचा फोटो पेपरात येतो, तिकीट फाडलेल्यांचा येत नाही.

टिकणं आणि भाव चढणं यांचीही गल्लत होते. बोअर्ड एपचा फ्लोअर २०२२ मध्ये दीडशे इथरच्या घरात होता, पुढच्या तीन वर्षांत तो त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास आला. कलेक्शन आहे, माणसं आहेत, आणि शिखरावर घेतलेल्याचे पैसे मात्र गेले. दोन्ही एकदम खरं असू शकतं.

कराचं थोडक्यात सांगतो, कारण इथे गंमत नाही. भारतात १ एप्रिल २०२२ पासून अशा आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, वर उपकर आणि लागू असेल तर अधिभार वेगळा. खरेदीची किंमत सोडून दुसरा खर्च वजा होत नाही आणि एका टोकनातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळता करता येत नाही. १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएसही आहे. भाच्याने दुसरं एक टोकन किरकोळ नफ्यात विकलं होतं. त्यावर त्याने कर भरला, चाळीस हजारांचं नुकसान तसंच राहिलं.

मग विद्यार्थ्याला काय सांगितलं

पुढच्या रविवारी पुन्हा सावंतवाडीला गेलो. गंजिफाची गोष्ट तोच मला सांगू लागला, मीही ती अनेकदा ऐकलेली. छापील पत्ते आले आणि ही कला जवळजवळ संपली होती. सत्तरच्या दशकात शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी उरल्यासुरल्या जुन्या कारागिराकडून ती उचलली, राजवाड्यात काम सुरू केलं, नवीन हात तयार केले. तेव्हा बाजारात तिला मागणी नव्हती. आज त्याच्याकडे जोड मागायला माणसं येतात ती त्या वर्षांमुळे.

मी त्याला एनएफटी काढू नको असं म्हटलं नाही. परदेशात गंजिफा जमवणारे आहेत. प्रत्येक हाताने केलेल्या जोडाबरोबर त्याचं एक टोकन, तो जोड कुणी, कधी रंगवला आणि पुढे कुणाकडे गेला याची न पुसणारी नोंद, ही मला उपयोगाची वस्तू वाटते. वर्षाला जेवढे जोड, तेवढीच टोकनं. चित्रं लहान आहेत, थेट ब्लॉकचेनवर कोरता येतील का ते बघू, नाहीतर आयपीएफएसवर ठेवून एक प्रत आपण स्वतः सांभाळू. कराचं त्याने कुडाळच्या सीएला विचारायचं ठरवलं.

पीडीएफमधल्या कराराच्या पानावर त्याने पेन्सिलने एक ओळ अधोरेखित केली होती. 'सर्व चित्रांचे सर्व हक्क कायमस्वरूपी कंपनीकडे.' दहा टक्क्यांच्या बदल्यात मत्स्यापासून कल्कीपर्यंत सगळे अवतार त्यांचे झाले असते. ही ओळ त्याने स्वतः शोधली, मी दाखवली नव्हती.

आम्ही मिळून त्यांना तीन प्रश्न पाठवले. चित्रं कुठे ठेवणार आणि दहा वर्षांनी त्याचे पैसे कोण भरणार? पुनर्विक्री थांबली तर तुमचं उत्पन्न कशातून? कॉपीराइट माझ्याकडे ठेवून, मर्यादित मुदतीची परवानगी दिली तर चालेल का? दुसऱ्या प्रश्नाला लांबलचक व्हॉइस मेसेज आला, त्यात 'कम्युनिटी' पुन्हा सहा वेळा. तिसऱ्याला 'टीमशी बोलून सांगतो'. पहिल्याला एकच शब्द आला, 'सर्व्हरवर'.

"कोणाच्या?" असं त्याने लिहून पाठवलं. त्याला आज अकरा दिवस झाले.